विमलमावशी आणि सर्वपक्षीय समेट

मत मागायला कोणी दारात आलं की विमलमावशी त्याला एकच प्रश्न विचारायची. "सध्या कोणाकडे असतोस?" नव्याने आलेल्या कामवाल्या बाईला विचारावं, तसा. विचारताना तिच्या चेहऱ्यावर जराही कुत्सितपणा नसे, म्हणून समोरचा जास्तच कासावीस व्हायचा. गळ्यात उपरणं, जोडलेले हात, मागे घोषणा देणारी पोरं, आणि ही बाई शांतपणे उत्तराची वाट बघत उभी. एकदा एक जण म्हणाला, "मावशी, माणूस तोच आहे, पक्ष फक्त बदललाय." ती म्हणाली, "हो का. मग जुन्या ठिकाणचं सामान आणलंस ना सगळं?"

काळाचौकीला आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या शेजारची खोली तिची. महापालिकेच्या एका इस्पितळात तिने तीस वर्षं आयाबाई म्हणून काम केलं. अंथरुणावरच्या रुग्णांना शौचाचं भांडं देणं-काढणं, अंग पुसणं, चादरी बदलणं. माणसाला उताणं, पालथं, सगळ्या बाजूंनी पाहिल्यामुळे तिला कोणाचाच दरारा वाटत नसे. टीव्हीवर दोन प्रवक्ते एकमेकांवर ओरडायला लागले की भाजी निवडता निवडता म्हणायची, "भांडं स्टीलचं असो की प्लास्टिकचं, आत तेच असतं." मग आवाज बंद करून नुसती तोंडं बघत बसायची.

तिचे यजमान भिकाजीकाका. कॉटन ग्रीनच्या गोदामात जन्मभर कापसाच्या गासड्या उचललेला माणूस. जयंतीच्या मिरवणुकीत कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सगळ्यांच्या पुढे चालायचे. त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. पण एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी बजावली, की भांडं घेणार नाही. "मी काय पेशंट आहे?" म्हणाले. हजारो परक्यांना भांडं देणाऱ्या बाईने नवऱ्याचा तो हट्ट एका शब्दाने मोडला नाही. त्यांचा डावा हात खांद्यावर घेऊन ती त्यांना रोज सकाळी गॅलरीच्या टोकाला संडासापर्यंत न्यायची.

आणि मग त्या संडासांचं छत कोसळलं. दार खिळे ठोकून बंद झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्यांना तळमजल्यावर जावं लागायला लागलं. तिन्ही जिने उतरायला मावशी आणि काकांना अर्धा तास लागायचा, चढायला त्याहून जास्त. मध्ये काका कठड्याला टेकून श्वास घेत आणि कोणी जात असलं की मुद्दाम हवापाण्याच्या गप्पा मारत.

दुरुस्ती का होत नव्हती, तर आमच्या चाळीला दोन पुढारी होते. प्रकाश घाग आणि नितीन परब. दोघं याच चाळीत वाढलेले, वीस वर्षं एकाच पक्षाचा झेंडा एकाच काठीला लावणारे. वर पक्ष फुटला, तसे खाली हेही फुटले. फुटायचं कारण दोघांनाही धड सांगता आलं नसतं, पण भांडण मात्र खानदानी असल्यासारखं. घागने आपल्या आमदाराच्या निधीतून संडास मंजूर करून आणले आणि नारळ फोडला. परबने वॉर्ड ऑफिसात तक्रार करून काम थांबवलं, आपल्या बाजूच्या नेत्याचं पत्र आणलं आणि त्याच जागी दुसरा नारळ फोडला. मग घागने तक्रार केली. दोन नारळ फुटले, वीट एकही लागली नाही. वर यांचे नेते मात्र लग्नाकार्यात गळ्यात गळे घालून फोटो काढत होते.

मी चाळ कमिटीचा सचिव. बँकेत नोकरी, त्यामुळे सगळं सामोपचाराने व्हावं अशी माझी समजूत. दोन्ही बाजूंना एकत्र बसवलं की माणसं बोलतात, असं मी मावशीला म्हणालो. ती म्हणाली, "बसव की. पण माझ्या खोलीत बसव. रविवारी सकाळी साडेसातला."

दोघं आले. चहा झाला. पाऊण तास संडासाच्या फलकावर कोणाच्या साहेबाचं नाव वर घ्यायचं यावर गेला. एकाच ओळीत घ्या म्हटलं, तर डावीकडे कोण? मी अक्षराच्या आकाराबद्दल काहीतरी सुचवत होतो, माझीच मला लाज वाटते. तेवढ्यात काकांनी पलंगावरून मावशीकडे बघितलं. ती उठली, त्यांना लाकडी खुर्चीत बसवलं आणि त्या दोघांना म्हणाली, "चला. प्रकाश, तू उजवीकडून धर. नितीन, तू डावीकडून."

नाही म्हणायची सोय नव्हती. दोघांनी खुर्ची उचलली. पहिल्या वळणावर अडकली, तेव्हा परब म्हणाला, "पक्या, जरा वर घे तुझी बाजू." घाग म्हणाला, "घेतली, तू सावकाश ये रे." दोन वर्षांत दोघांचं एकमेकांशी झालेलं ते पहिलं सरळ बोलणं. घामाघूम होऊन, एकमेकांना सांभाळत त्यांनी काकांना खाली नेलं आणि परत वर आणलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मोबाइल काढला, फोटो घेतला आणि चाळीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'असेच एकत्र राहू या.'

काकांना विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

चौथ्या दिवशी नाक्यावरच्या रेलिंगला दोन फ्लेक्स लागले, समोरासमोर. एकात परबला कापलेलं, दुसऱ्यात घागला. दोन्हींत मधोमध काका. बनियन, वर सरकलेली लुंगी, लोंबणारा पाय, उघडं तोंड. वर मोठ्या अक्षरात ज्येष्ठांच्या सेवेबद्दल काहीतरी. बाजूला दोघांचे आपापले साहेब हसतायत.

मावशी दुपारी स्टूल आणि इस्पितळातली बँडेज कापायची कात्री घेऊन नाक्यावर गेली. तिने फ्लेक्स फाडले नाहीत. दोन्हींतून फक्त काकांना कापून काढलं, नीट, कडेकडेने. दोन्ही तुकडे घडी करून काखेत मारले आणि घरी आली. मागे फ्लेक्सवर दोन पुढारी भोकाला हात लावून हसत उभे राहिले.

आणि तेव्हा समेट झाला. घाग आणि परब एकाच स्कूटरवरून पोलीस चौकीत गेले. एकाच कागदावर एकच तक्रार, खाली दोघांच्या सह्या शेजारीशेजारी. डावीकडे कोण, हा प्रश्न त्या दिवशी पडला नसावा. लोक विचारतात, विरोधी पक्ष कधी एकत्र येतात का? येतात. अर्ध्या तासात येतात. फक्त कोणाविरुद्ध यायचंय, तेवढं ठरलेलं असावं लागतं.

चौकीतले साहेब म्हणाले, म्हातारी बाई आहे, आपसात मिटवा. त्या दोघांना मावशीकडून लेखी माफी हवी होती. ती लिहिली मी, सुवाच्य अक्षरात, आणि मावशीकडे नेली.

"सही कर मावशी. मिटून जाईल. संडासाचंही काम आता दोघं मिळून करणार आहेत."

तिने कागद वाचला. "दोघं भांडत होते तेव्हा आम्ही जिने उतरत होतो. आता दोघं एक झाले, तर आम्ही माफी मागायची. तुला कळतंय ना तू काय आणलंयस ते?"

"नाही केलीस तर तुला चौकीत बोलावतील गं."

"बोलवू देत."

पलंगावरून काका म्हणाले, "आण इकडे."

त्यांनी डाव्या हाताने सही केली. भिकाजी रामा तांबे. प्रत्येक अक्षर वेगळं, थरथरतं. खूप वेळ लागला. तेवढा वेळ मावशी त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. पुढाऱ्यांसाठी राखून ठेवलेली तिची ती थंड नजर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काकांना उठवायला गेली, तर ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "भांडं आण." हे तिनेच मला गॅलरीत सांगितलं, आवाज न चढवता.

संडास पंधरा दिवसांत झाले. फलकावर दोन्ही साहेब एकाच ओळीत. उद्घाटनाला मी आभार मानले. काका त्यानंतर दिवाळीपर्यंत होते, पण त्या संडासात त्यांनी एकदाही पाऊल टाकलं नाही.

ते गेल्यावर मावशी खोली बंद करून लेकीकडे बदलापूरला निघाली. टॅक्सीपर्यंत तिची बॅग मी नेली. "मावशी, चुकलं माझं," मी म्हणालो. ती आत बसली, पदर आवरला, दार लावून घेतलं.

"मी जातेय ते त्या दोघांना सांगितलंयस?"

"नाही अजून."

"सांगू नकोस. मिळून सत्कार करतील."

टॅक्सी गेली. मी कोणालाच सांगितलं नाही. तिच्यासाठी माझ्या हातून झालेलं तेवढं एकच काम.