जानराव कासार आणि निळी काच

जानराव कासार तिरसट होता, पण फुटक्या भांड्यांना डाग देण्याच्या कामात बडनेऱ्याच्या आसपास त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने डागलेली घागर पुन्हा गळत नसे.

कापसाच्या तेजीत गोऱ्या व्यापाऱ्यांनी तिथल्या एका गावात लहानसं चर्च बांधलं. खिडकीसाठी विलायतेहून रंगीत काचांचं चित्र आलं. शिशाच्या पट्ट्यांत जडवलेला मेंढपाळ. बैलगाडीच्या हिसक्यांनी ते एका अंगाने निखळलं, म्हणून जानरावला बोलावलं. भावकीने बजावलं, त्यांच्या देवाला हात लावशील तर आमच्या पंगतीला बसू नको. तरी तो गेला.

तिसऱ्या दिवशी मेंढपाळाच्या झग्याची निळी काच सापडेना. कासारानेच नेली, असं मुनशी किसनरावने चर्चचं काम बघणाऱ्या साहेबाच्या कानात भरलं. साहेबाने शिपाई धाडले. त्यांनी जानरावच्या फडताळावरची सगळी भांडी अंगणात फेकली, त्याची बायको पार्बताबाई हिने भरून ठेवलेलं पाणी ओतून दिलं. भावकी कुंपणापाशी उभी राहून बघत होती.

संध्याकाळी काच, चित्र ज्या पेटीतून आलं होतं तिच्यातल्या गवतात निघाली. उद्यापासून कामावर ये, एवढाच निरोप आला.

जानराव हत्यारं न घेता गेला.

"माह्या घरचे भांडे अंगनात पडले हायेत," तो साहेबाला म्हणाला. "ते तुमी सोता उचलून ठेवा. मंग काच बसवतो."

किसनरावने ते साहेबाला समजावून सांगितलं. साहेबाने जानरावला हाकलून दिलं.

मुंबईचा कारागीर यायला तयार होईना. खिडकीच्या भोकातून पारवे आत शिरून बाकांवर घाण करू लागले, आणि मोठा पाद्री यायचा दिवस जवळ आला. इकडे पार्बताबाई एका मडक्यात रांधत होती. भांडी उचलू का, असं तिने दोनदा विचारलं. जानराव नाही म्हणाला.

एकोणिसाव्या दिवशी साहेब घोड्यावरून आला. लालबुंद तोंडाने त्याने एकेक भांडं फडताळावर ठेवलं आणि निघून गेला. जानरावने दोन दिवसांत खिडकी बसवून दिली. पुन्हा त्या बाजूला तो फिरकला नाही. भावकी पंगतीचं बोलावणं घेऊन आली, तिलाही त्याने दारातूनच परतवून लावलं.

त्या एकोणिसाव्या दिवशी मात्र साहेबाचा घोडा दिसेनासा होताच पार्बताबाईने ती सगळी भांडी खाली काढली आणि राखेने घासायला बसली.