कुणाचंही नियंत्रण नाही

नेव्हिल कॅसनचं घर मेरीपोर्टला, आयरिश समुद्राच्या काठी. काम मात्र देशाच्या दुसऱ्या टोकाला, हंबर नदीच्या मुखापाशी. रविवारचं भाजलेलं मटण-बटाटे पोटात गेले की तो गाडी काढायचा आणि दोनशे मैल हाकत मिसेस पेलच्या भाड्याच्या खोलीवर पोचायचा. शुक्रवारी परत. गावाजवळचा कारखाना बंद पडल्यापासून सहा वर्षं हेच चाललं होतं.

गॅसचे पाइप जिथे वेल्डिंगनं जोडतात, ते जोड तपासणं हे त्याचं काम. क्ष-किरणांनी जोडाची फिल्म काढायची, दिव्यासमोर धरायची आणि सांगायचं, पास की नापास. नापास म्हटलं की जोड कापून पुन्हा करावा लागे. वेल्डर शिव्या घालत, पण हुज्जत घालत नसत. एकोणसाठ वर्षांच्या माणसाला एवढा मान पुरे होता.

पगाराची गोष्ट जरा तिरपागडी होती. काम प्रकल्पाचं, माणूस एजन्सीचा आणि पगार करणारी तिसरीच, अंब्रेला कंपनी. तिच्या कचेरीची पायरी नेव्हिलनं कधी पाहिली नव्हती, पण कागदावर तो तिचाच नोकर. दर आठवड्याला ती स्वतःचे पंचवीस पौंड कापून घ्यायची. बदल्यात एक सोय होती: गाडीचे मैल आणि खोलीचं भाडं पगारातून वजा करून उरलेल्यावरच कर लागे. त्यातून आठवड्याला नव्वदेक पौंड वाचत. त्या पैशांवरच सगळं जमत होतं.

मार्च २०१६ मध्ये पत्र आलं. एप्रिलपासून ही सोय बंद.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं कंपनीला फोन लावला. ब्रायनी नावाच्या मुलीनं उचलला.

"मग मी कामावर काय उडत जाऊ?"

"नियम सगळ्यांसाठीच बदललाय, मिस्टर कॅसन. घरून कामावर जायचा खर्च आता तुमचा तुम्ही. इतर नोकरदारांसारखाच."

"नोकरदाराला सकाळी बोलावून दुपारी 'उद्यापासून येऊ नको' म्हणता येतं का? मला म्हणता येतं."

ती म्हणाली, "एक वाट आहे. तुम्ही काम कसं करायचं यावर कुणाची देखरेख नाही, कुणाच्या सूचना नाहीत, कुणाचं नियंत्रण नाही, असं साइटवाल्यांनी लिहून दिलं तर सोय चालू राहील. फॉर्म पाठवते."

नेव्हिलला हसू आलं. एवढंच? त्याला काम शिकवणारा माणूस त्या साइटवर जन्मायचा होता.

टेरी मॉब्ज नावाचा वेल्डर त्याच टेबलावर सॉसेजचा पाव खात होता. "माझा पगार करणाऱ्या कंपनीनं तर साइटवाल्यांची सहीसुद्धा मागितली नाही," तो म्हणाला. "आपणच खूण करायची, 'नियंत्रण नाही'. कोण बघायला येतंय?"

"आणि करखात्याचा कुणी आलाच तर?"

"तेव्हाचं तेव्हा."

"तेव्हा कंपनीचा फोन लागणार नाही, टेरी. सगळं तुझ्या बोकांडी बसेल."

फॉर्म घेऊन तो साइटच्या मॅनेजरकडे गेला. लिअॅन ओल्ड्रॉइड, वय चौतीस. ती नवी आली तेव्हा फिल्मवरचा डाग आणि भेग यांतला फरक त्यानंच तिला दाखवला होता.

"तुम्हाला कोण सांगणार, नेव्हिल? उलट मीच तुम्हाला विचारते," ती म्हणाली.

"मग कर की सही, पोरी."

तिनं फॉर्म दोनदा वाचला, उलटा करून टेबलावर ठेवला. "हेड ऑफिसनं सक्त मनाई केलीय. उद्या एखादा जोड फुटला आणि मी लिहून दिलेलं निघालं की या माणसावर आमचं नियंत्रणच नव्हतं, तर? विमावाले मला सोलून काढतील."

त्याला राग आला, पण ती खोटं बोलत नव्हती.

गुरुवारी तीच त्याला शोधत आली. सहाव्या पाइपलाइनवर तो यादीबाहेरच्या तीन जोडांची तयारी करत होता. ते त्याच्या नजरेला खटकले होते.

"ते राहू द्या. करारात दहातला एक तपासायचाय, तो झालाय. आज लाइन पुढच्या कामाला सोडायचीय."

"मला ते बघायचेत."

"कळतंय मला. पण नाही." तिचा आवाज चढला नाही. "यादीत आहेत तेवढेच, नेव्हिल. मी सांगतेय म्हणून."

आजूबाजूला चारदोन जण होते. टेरीनं मान वळवून हातमोज्यांकडे बघितलं. नेव्हिल उभा राहिला. अडून बसला असता तर सोमवारी त्याच्या जागी दुसरा आला असता, एका फोनवर. त्यानं उपकरण आवरलं. जोड वाईट नव्हते बहुधा. नियमानं तिचंच बरोबर होतं. पण 'बहुधा' या शब्दाखाली त्यानं कधी सही केली नव्हती.

संध्याकाळी मिसेस पेलच्या खोलीत पलंगावर बसून त्यानं फॉर्म काढला. तुमचं काम कसं करायचं हे सांगण्याचा अधिकार कुणाला आहे का? दोन चौकोन, होय आणि नाही. लिअॅनच्या सहीची जागा रिकामीच होती. हा प्रश्न मात्र त्याला स्वतःला होता. टेरीसारखी खूण करायला क्षणही लागला नसता. पेन बराच वेळ हातात राहिलं. मग त्यानं 'होय'वर खूण केली आणि फॉर्म धाडून दिला.

एप्रिलमध्ये पगाराची पावती आली. वाचणारे नव्वद पौंड गेले होते, कंपनीचे पंचवीस तेवढे जसेच्या तसे कापलेले. नेव्हिलनं मिसेस पेलची खोली सोडली आणि टेरीच्या कॅरॅव्हॅनमधला अर्धा भाग घेतला, जिथे पाय लांब केले की दार उघडत नसे.

"सोड ना रे ते," घरी शीला म्हणाली. त्याची बायको फार कमी वेळा असं बोले. "सुपरमार्केटच्या गोदामात माणसं घेतायत म्हणे."

"निम्म्या पैशांत? घराचे हप्ते अजून सहा वर्षं आहेत, शीला."

त्याच आठवड्यात करार वाढवून मिळाला. लिअॅननं मुद्दाम फोन करून सांगितलं, तुमच्यासारखा माणूस नाही आमच्याकडे. त्यानं आभार मानले. खरोखरच मानले, आणि फोन ठेवल्यावर त्याचीच त्याला लाज वाटली.

"कुठपर्यंत दिलंय?" शीलानं विचारलं.

"सप्टेंबरपर्यंत."

"आणि मग?"

नेव्हिल बुटाची नाडी बांधत होता. "मग मार्चपर्यंत देतील बहुधा," तो म्हणाला.