उजेडाची करामत

कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याने नवा कॅमेरा घेतला, पण त्याच्या कच्च्या, म्हणजे रॉ, फायली जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेनात. आठवडाभर चौकशी करून त्याने दोन्ही कॅमेऱ्यांना चालेल असं सॉफ्टवेअर निवडलं आणि जुने फोटोही त्यात आणले. ते बघायला बायको शेजारी स्टूल ओढून बसली.

तिच्या गालावर लहानपणी भाजल्याचा डाग होता. अठरा वर्षांत नवऱ्याने काढलेल्या एकाही फोटोत तो आला नव्हता. "मी उजेडच तसा लावतो," तो सांगायचा. आरशाचं तिला वावडं होतं, पण या फोटोंवर जीव होता.

त्यांच्या पहिल्या सहलीचा फोटो उघडला. डाग होता. पुढच्या फोटोत होता. सगळ्यांतच होता. फोटोतली दुरुस्ती मूळ फायलीत उतरत नाही, ज्या सॉफ्टवेअरमध्ये केली त्याच्यापाशीच राहते, हे तो गिऱ्हाइकांना नेहमी समजावून सांगायचा. बायकोच्या फोटोंतला डागही आपण तसाच पुसला आहे, हे मात्र तो साफ विसरला होता.

"म्हणजे उजेड नव्हताच तर," ती म्हणाली.

"अगं, तुला बरं वाटावं म्हणून..."

"मला? सहलीत मी तुम्हाला डागाबद्दल एक शब्द तरी बोलले होते का?"

ती उठली.

"जेवायचं काय करायचं?" त्याने चाचरत विचारलं.

तिने भिंतीवरच्या फ्रेममधल्या, नितळ गालाच्या बाईकडे बोट दाखवलं. "तिला सांगा. तुमची आवडती आहे ना?"