लायबेरियाहून आलेला फोन

मिशिगनमध्ये एमएस करताना माझी रूममेट लायबेरियाची होती. दोघी भातखाऊ, त्यामुळे लवकर जमलं. ती रताळ्याच्या पाल्याची भाजी पाम तेलात करायची, मी आमटी.

"तुझं आडनाव इतकं अमेरिकन कसं?" मी विचारलं होतं.

"वडिलांचे पूर्वज इथलेच. इथल्या शेतांवर गुलाम होते. सुटका झाल्यावर जहाजानं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेले. तिथं त्यांनी देश उभारला, आणि आत जंगलात आधीपासून राहणाऱ्यांवर राज्य करत बसले." मग म्हणाली, "माझी आई त्या आतल्या लोकांपैकी. क्पेले जमातीची."

तिच्या घरात मात्र इंग्रजीच. क्पेले भाषा कानावर पडलेली वडिलांना खपत नसे.

ऐंशी सालच्या एप्रिलमध्ये तिथं सैनिकांनी सत्ता घेतली, राष्ट्राध्यक्षांना ठार मारलं. मग मंत्र्यांना समुद्रकिनाऱ्यावर खांबांना बांधून गोळ्या घातल्या. तिचे वडील मंत्री नव्हते, पण मोठे सरकारी अधिकारी होते. फोन लागेना. टीव्हीवर बातम्या लागल्या की ती पडद्याला चिकटून एकेक चेहरा निरखायची. एकदा मी टीव्ही बंद करायला उठले तर ओरडली, "राहू दे!"

मग हळूच म्हणाली, "बंदुका धरलेले आईसारख्यांचे मुलगे. बांधलेले बाबांसारखे. मी प्रार्थना कुणासाठी करू, सांग ना."

मी जाऊन कुकर लावला.

मे महिन्यात एका दुपारी फोन आला. आईचा होता. पण आई क्पेलेत बोलत होती. ही "मम्मी, इंग्लिश, प्लीज," म्हणत राहिली. आई थांबली नाही. मग लाइन तुटली.

"काय म्हणाल्या?"

"बाबा म्हणाली. गाव म्हणाली. जिवंत की काय, ते कळलंच नाही मला." रिसीव्हर तिच्या हातातच होता. "स्वतःच्या आईचं बोलणं!"

खुलासा झाला तो तिच्या मामेभावाकडून, बऱ्याच आठवड्यांनी. वडिलांना मारहाण करून सोडलं होतं. आईनं त्यांना आपल्या माहेरी नेऊन लपवलं होतं. लग्नानंतर ते त्या गावात एकदाही गेले नव्हते. आईनं फोन केला तेव्हा शेजारी सैनिक उभा होता. वडिलांच्या लोकांसारखं इंग्रजी ऐकून त्यानं आईलाही धरलं असतं.

ती परत गेली नाही. वडिलांशी बोलणं झालं ते दुसऱ्या वर्षी. फोन ठेवून ती माझ्याजवळ येऊन बसली.

"बाबाच होते," ती म्हणाली. "पण फार हळू बोलतात गं आता."