रोज कामाला येणारी अनोळखी बाई

"लाल रिपोर्ट द्या. बाई खोटं बोलतायत," एचआर मॅनेजर फोनवर म्हणाले.

चाकणच्या एका मोठ्या कारखान्याचे हे साहेब. माझं काम बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचं. नोकरी मागणाऱ्याने अर्जात लिहिलेलं खरं की खोटं, ते तपासायचं. खरं असेल तर रिपोर्ट हिरवा, खोटं असेल तर लाल. लाल झाला की नोकरी गेली.

महाळुंग्याच्या रेखाताईंनी या कारखान्यात पर्मनंट ऑपरेटरच्या जागेसाठी अर्ज केला होता. अनुभवाच्या रकान्यात नाव याच कारखान्याचं. म्हणून आम्ही साहेबांच्याच ऑफिसला मेल केला. उत्तर आलं, या नावाची कर्मचारी आमच्याकडे कधीच नव्हती.

मी महाळुंग्याला गेलो. रेखाताई दारातच भेटल्या. फर्स्ट शिफ्ट करून आल्या होत्या, अंगात कारखान्याचा निळा गणवेश.

"तुम्ही तिथेच काम करता?"

"व्हय की. लेक शाळेत जाया लागली तवापासून वायरिंगच्या लायनीवर हाय. आता ती कॉलेजात हाय."

"मग ते नाही का म्हणतात?"

"पगार ठेकेदार देतो ना, भाऊ. सायब आमाला कंपनीचं मानत न्हाईत. या खेपंला पर्मनंट झाले न्हाई, तर पुढं वयात बसत न्हाई मी."

आमच्या पट्ट्यात हे जुनंच आहे. घाम कारखान्यात गाळायचा, नाव ठेकेदाराकडे. तरी माझं डोकं फिरलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वळसा घालायला मला नेमलेलं! साहेबांना फोन लावला.

"साहेब, त्या आज सकाळी तुमच्याच लाइनवर होत्या."

"असतील हो. पण आमच्या सिस्टिममध्ये नाहीत."

"बरं. मग रिपोर्टमध्ये लिहितो, की तुमच्या लाइनवर रोज एक अनोळखी बाई येऊन काम करते. ऑडिटवाल्यांना वाचायला मजा येईल."

साहेब मोठ्या उदार आवाजात म्हणाले, "लाल नको. अनुभव शून्य धरा. फ्रेशर म्हणून घेतो."

रेखाताई पर्मनंटच्या जागेवर लागल्या. पहिल्याच दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"भाऊ, सायबांनी नव्या पोरी माझ्याच हाताखाली दिल्या. म्हनले, या जुन्या बाईकडनं शिका."

"आणि तुमच्या बिल्ल्यावर काय लिहिलंय?"

"ट्रेनी."

इतकी वर्षं माणसं तपासून मी एवढंच शिकलो. माणूस अनोळखी ठरायला लांबून यावा लागत नाही. ठेकेदाराचा असला की पुरतं.