बिनविरोध नको म्हणाले ती निवडणूक

देवळातली बैठक आटपून नवरा घरी आला आणि चप्पल काढता काढता म्हणाला, "ठरलं. औंदा सरपंच बिनविरोध."

आमचं गाव येरमाळ्याच्या अलीकडं, आणि फाट्यावर आमचं किराणा दुकान. गावातल्या एका ठेकेदारानं देवीपुढचा सभामंडप स्वतःच्या पैशानं बांधून द्यायचा, बदल्यात त्याच्याविरुद्ध कुणी उभं राहायचं नाही, असं ठरलं होतं. बैठकीला बाईमाणूस एकही नव्हतं.

"मग मत कधी द्यायचं?" मी विचारलं.

"मतदान न्हायच. गावाची एकी म्हन."

लग्न होऊन आले तेव्हापासून एकही मतदान मी चुकवलं नव्हतं. माझं मत मंडपाच्या बदल्यात देऊन टाकलं होतं, आणि मला ते जेवायला वाढताना कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कळंबच्या एसटीत बसले आणि सरपंचपदाचा अर्ज भरून आले.

संध्याकाळी गावातली चार वडीलधारी माणसं ओट्यावर येऊन बसली. त्यांतले थोरले म्हणाले, "सूनबाई, देवीच्या कामाला आडवं जाऊ नये."

"मंडप बांधायचाच हाय तर समद्यांनी वर्गणी काढू, मामा. पहिली वर्गणी माझी. पन मंडप देतो म्हनून सरपंच होता येत न्हाय."

"लई शिकलीस तू," म्हणून ते उठले. चहा तसाच राहिला.

त्यानंतर दुकानात गिऱ्हाईक फिरकेना. साखरेला माणसं पुढच्या गावाला जाऊ लागली. नवरा माझ्याशी बोलत नव्हता. माघारीच्या दिवशी ठेकेदाराची जीप दारात उभी राहिली. मला तहसीलला न्यायला आली होती. मी भाकरी थापत होते. उठलेच नाही. नवरा बाहेर गेला. मला वाटलं, आता हाच आत येऊन मला उठवणार. पण तो ड्रायव्हरला म्हणाला, "ती येत न्हाय. आन् म्या बी सांगनार न्हाय तिला." मग आत आला, पाटावर बसला आणि भाकरी मागितली.

मतदानाला शाळेसमोर उन्हात रांग लागली. बौद्धवाड्यातली एक म्हातारी माझ्यापुढं उभी होती. मागं वळून म्हणाली, "तुला देईन का त्याला, ते सांगनार न्हाय."

"नका सांगू," मी म्हणाले. मला हसू आलं.

मी हरले, तेही चांगलीच आपटले. ठेकेदाराची मिरवणूक मुद्दाम दुकानावरून गेली, गुलाल आत पार तेलाच्या डब्यावर उडाला. मी डबा पुसला आणि दार उघडंच ठेवलं.

पहिल्याच ग्रामसभेला मी गेले. पाण्याची नवी पाइपलाइन बौद्धवाड्याच्या तोंडाशीच का थांबली, ते विचारलं. नवे सरपंच हसले. "वहिनी, तुमी हरलात न्हवं?"

"हरले, पन गाव सोडून गेले न्हाय. पाइप कधी पुढं जानार?"

मागून त्याच म्हातारीचा आवाज आला, "सांग की. मतं मागाया आलतास तवा बोलत हुतास."

सभेत कुणी हसलं नाही. सरपंचांनी ग्रामसेवकाकडं पाहिलं. पाइप पोळ्याच्या सुमारास पुढं गेला, तोही अर्ध्याच घरांपर्यंत. राहिलेल्या घरांचं मी दर ग्रामसभेला विचारते. आता मी उभी राहिले की सरपंच आधीच पाण्याचा पेला तोंडाला लावतात. पिऊन होईपर्यंत मी थांबते.