बियाण्याच्या शेंगा आणि टीव्हीवरची गाणी

कच्च्या शेंगांच्या टरफलांचा वास आला की माझं डोकं आजही तापतं. उन्हाळी भुईमूग पेरायचे दिवस होते आणि रंगीत टीव्ही गावात एकाच घरी होता. त्या रविवारी दुपारी सावत्र आईच्या जाचातल्या पोरीची, तिच्या हरवलेल्या चपलेची गोष्ट गाण्यांतून दाखवणार होते. त्या घरच्या काकूंनी आम्हा तांड्यावरच्या चार पोरींना बघायला बोलावलं आणि प्रत्येकीपुढं बियाण्याच्या शेंगांची पाटी ठेवली. "फोडा आन् बघा. पण टीव्हीसंगं गात ऱ्हा. गाणं थांबलं की दाना खाल्ला समजीन!" अर्धीच कळणारी ती हिंदी गाणी आम्ही घसा कोरडा पडेस्तोवर गायलो. बोटं सोलवटली, पण एकीनंही दाणा तोंडात टाकला नाही. शेवटी राजपुत्र चप्पल घेऊन तिच्या पायाशी वाकला, तेवढ्यात आमच्या पाट्या संपल्या आणि काकूंनी टीव्ही बंद केला. "काहून बंद केला, काकू?" मी विचारलं. "काम झालं न्हाई का? दान्याचं टोपलं आत ठेवा आन् निघा." टोपलं मीच आत नेलं, आणि अंधाऱ्या खोलीत बसून हाताला लागतील तितक्या दाण्यांची टोकं नखानं खुडली. कोंब तिथूनच फुटतो, हे तांड्यावरच्या लेकराला शिकवावं लागत नाही. पंधरा दिवसांनी शाळेच्या वाटेवर त्यांच्या शेतातल्या ओळी जागोजाग रिकाम्या दिसल्या. गोष्टीतल्या त्या पोरीनं शेवटी सावत्र आईला माफ केलं, असं परवा माझ्या लेकीनं सांगितलं. मी केलेलं नाही.